अंगठा काढा

परवा आमच्या इन्स्टिट्यूटमधलं प्लायवुडचं पार्टिशन काढलं. सुतार ठोकाठोक करत होता आणि मी काही काम नसताना दारात उभी होते. पार्टिशनच्या अलीकडे माझा वर्ग, पलीकडे तोरसकरचा. मी विमानवाल्या मुलांना रेडिओवर बोलायला शिकवते, तो जहाजवाल्यांना शिकवायचा. माझगावातल्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. एका बाजूला आकाश, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये बोटभर जाडीचा प्लाय. सुताराने शेवटची फळी उचलली तेव्हा पलीकडच्या रिकाम्या खोलीत एक खुर्ची दिसली, दाराकडे तोंड करून ठेवलेली. ती तशी कोणी ठेवली असेल हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

तोरसकर खुर्चीत नीट टेकून बसलाय, असं मी कधी पाहिलं नाही. कडेवर जेमतेम टेकायचं, एक पाय दाराकडे वळवून ठेवायचा आणि समोरचा बोलत असताना मान तिरकी करून भलतीकडेच कान लावायचा, ही त्याची बैठक. मी गिरगावातली. आमच्याकडे डोळ्याला डोळा भिडवून भांडतात. आपण बोलतोय आणि माणूस तिसरीकडेच कान देतोय, हे मला सहन होत नाही. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "तोरसकर, तुम्हाला कुठे जायचंय का?"

"नाही ओ मॅडम. अजून कोण बोलतंय काय, ते बघतोय."

"मी बोलतेय."

"तुम्ही तर ऐकू येताच. तुम्ही चौपाटीवरून बोललात तरी इथे माझगावात ऐकू याल."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने घोडपदेवच्या घरून डब्यात भरलेले बोंबील आणले. मी प्रधान. माशापुढे आमच्या घरात कोणाचा राग टिकल्याचं ऐकिवात नाही.

त्याचा चहाही असाच अर्धवट. कँटीनमधून कप यायचा, दोन घोट घ्यायचा, मग कशाची तरी आठवण झाल्यासारखा उठायचा आणि कप तिथेच. खिडकीत, जिन्यात, रेडिओ सेटवर, माझ्या टेबलावर, सगळीकडे तोरसकरचे अर्धे कप सापडायचे. साय धरलेला चहा बघितला की मला मळमळतं. मी बोलायचे, तो "सॉरी सॉरी" म्हणत कप उचलायचा आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचा.

आता अंगठ्याचं सांगायला हवं. वॉकीटॉकीच्या अंगाला एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरचं ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. बटण दाबून धरलं तर आपल्याला काही ऐकू येत नाही, आणि चॅनेलवर दुसऱ्या कोणालाही धड बोलता येत नाही. नवी मुलं घाबरली की बोलून झाल्यावरही बटण तसंच दाबून धरतात. मग पार्टिशनपलीकडून तोरसकरची आरोळी यायची, "अंगठा काढा! अरे, अंगठा काढ रे बाबा!" त्याचं अर्धं शिकवणं म्हणजे हे एक वाक्य होतं. माझी मुलं त्याची नक्कल करायची. कोणी वर्गात लांबण लावली की मागून हळूच आवाज यायचा, "अंगठा काढा."

स्वतः तोरसकरला तर ती सवय हाडीमाशी खिळली होती. साधं बोलतानाही तो उजव्या हाताची मूठ वळायचा, अंगठा त्यावर दाबायचा आणि वाक्य संपलं की अंगठा ताडकन वर. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, हा माणूस प्रत्येक वाक्याला 'मस्त' अशी खूण करतोय. एकदा आमच्या ऑफिसातल्या अकाउंटंटच्या घरी, परळला, आम्ही भेटायला गेलो होतो. त्याचे वडील गेले होते. तोरसकर त्याच्या आईसमोर बसला, कळवळून म्हणाला, "फार वाईट झालं ओ वहिनी," आणि अंगठा वर. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याला कळलंच नाही. "शेवटी त्रास खूप झाला काय?" परत अंगठा. बाहेर आल्यावर मी जिन्यातच त्याला फैलावर घेतलं. तो खरोखर घाबरला. परत वर जाऊन माफी मागायला निघाला होता, मी शर्टाला धरून खाली आणला.

आमच्या इन्स्टिट्यूटचे प्रमुख म्हणजे कॅप्टन. जहाजावरून निवृत्त झालेले, भरघोस आवाजाचे, आणि बोलायला लागले की तिन्ही महासागर फिरवून आणणारे. महिन्याची मीटिंग म्हणजे त्यांचं एकट्याचं भाषण. एकदा ते शिस्तीवर बोलत होते. आम्ही माना डोलावत होतो. तोरसकर नेहमीप्रमाणे कडेवर टेकून दाराकडे कान लावून बसलेला. एकदम उभा राहून म्हणाला, "सर, अंगठा काढा."

कॅप्टन म्हणाले, "व्हॉट?"

"सॉरी सर. पण अजून कोणतरी बोलतंय."

दाराबाहेर झाडलोट करणाऱ्या सुमनताई उभ्या होत्या. बिचाऱ्या केव्हापासून, "साहेब, टाकी भरून वाहतेय," असं म्हणत होत्या. कॅप्टनच्या आवाजापुढे त्यांचा आवाज कोणाला जाणार? आम्ही बाहेर आलो तेव्हा जिन्यावरून पाणी धबधब्यासारखं उतरत होतं. कॅप्टन पँट वर करून खाली गेले. आम्ही पुढे महिनाभर हसत होतो. तोरसकर मात्र हसला नाही. दिवसभर मला विचारत राहिला, "किती वेळ उभी होती ओ ती? आधी किती वेळा हाक मारली असेल?" टाकीतलं पाणी वाहून गेलं, एवढीच तर गोष्ट. मला त्याच्या या घोळवत बसण्याचा कंटाळा यायचा.

पण आमची खरी भांडणं व्हायची एएम आणि एफएमवरून. जहाजाचा रेडिओ एफएमवर चालतो, विमानाचा एएमवर. दोन्ही रेडिओच, दोन्हीकडे माणसंच बोलतात, पण आवाज लहरीवर बसवायची पद्धत वेगळी. एफएमचा आवाज स्वच्छ. इंजिनांची खरखर नाही, विजेचा कडकडाट नाही. एएममध्ये सगळा बाजार ऐकू येतो. माझ्या वर्गात सेट लावला की पलीकडून तोरसकर ओरडायचा, "मॅडम, वडे तळताय काय?" मी उलट ओरडायचे, "तुमचं जहाज पाण्यात थांबू शकतं. विमान हवेत थांबत नाही!"

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती मी दर बॅचला करून दाखवते. दोन मुलांना एकाच वेळी बटण दाबून बोलायला लावायचं. एएमवर दोघांचे आवाज एकमेकांत घुसतात आणि वर एक कर्कश शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण दोन जण बोलताहेत एवढं तरी कळतं. मग कंट्रोल टॉवरवाला म्हणतो, दोघं एकदम बोललात, एकेक करून परत बोला. एफएमवर तसं होत नाही. ज्याचा आवाज जोरकस, त्याला सेट पकडतो आणि दुसऱ्याला साफ सोडून देतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही की दुसरा कोणी होता. विमानवाले अजूनही एएमला धरून आहेत, त्याचं हे एक मोठं कारण.

पहिल्यांदा मी ती शिट्टी वाजवली तेव्हा तोरसकर दार न वाजवता आत आला. वर्ग चालू होता. "मॅडम, परत वाजवा."

मी वाजवली. तो माझ्या टेबलाशी उभा, डोळे मिटलेले.

"परत."

"तोरसकर, माझा वर्ग चालू आहे."

"एकदा फक्त. तो दुसरा मुलगा जरा लांब जाऊन बोलू दे. जिन्यात जा रे. अगदी बारीक आवाज पाहिजे."

मुलगा जिन्यात गेला. आवाज बारीक झाला, पण शिट्टी आलीच. तोरसकरने डोळे उघडले आणि म्हणाला, "वाजते. बारीक असला तरी वाजते," आणि निघून गेला. पुढे दर बॅचला माझ्या त्या तासाला तो हजर. आधी मी चिडायचे, मग त्याच्यासाठी दाराजवळ जागा ठेवायला लागले. का येतो, ते मात्र विचारलं नाही. तोरसकरला सरळ प्रश्न विचारला की तो उठून चहा आणायला जायचा.

ते कळलं भाऊच्या धक्क्यावर. एका शनिवारी सकाळी तो म्हणाला, "मॅडम, पापलेट पाहिजे तर चला, ताजं आणि चांगलं मिळेल." माझगावहून धक्का म्हणजे हाकेच्या अंतरावर. मी पिशवी घेऊन गेले. बोटी लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, कोळणींचा लिलाव ऐन भरात आला होता. तोरसकरचं पापलेटकडे लक्षच नव्हतं. बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला उभा राहून तो एका बोटीकडे बघत होता. बोटीवर निळी टोपी घातलेला, पांढऱ्या मिश्यांचा एक माणूस खलाशांवर खेकसत होता.

"तो माझा दादा," तोरसकर म्हणाला. "बोट चालवणारा तांडेल आहे. बोट दुसऱ्याची."

"मग आडोशाला काय उभे राहिलात? चला, ओळख करून द्या."

त्याने चहावाल्याला खूण केली. चहावाला एक ग्लास घेऊन बोटीवर गेला, आमच्या दिशेने मान करून काहीतरी बोलला. दादाने ग्लास घेतला. आमच्याकडे न बघता तो पेटीवर ठेवला आणि परत कामाला लागला. आम्ही निघेपर्यंत तो ग्लास तिथेच होता.

मग तोरसकर चालायला लागला. इतका भरभर, की मला पिशवी सांभाळत धापा टाकत मागून जावं लागलं, आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता त्याने सगळं सांगितलं.

आईवडील लहानपणीच गेले. मालवणकडच्या गावात दादाने त्याला, म्हणजे गजाला, वाढवलं, मासेमारी करून शिकवलं, पुढच्या शिक्षणासाठी घोडपदेवला मामाकडे पाठवलं. तोरसकर शिकला, जहाजं ओढणाऱ्या टगबोटींच्या एका खाजगी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये रेडिओवर बसायला लागला. दादाने पुढे स्वतःची बोट घेतली, तिला आईचं नाव दिलं, आणि हंगामात तो मुंबईकडे यायचा. एका दुपारी बंदराच्या तोंडाशी त्या बोटीचं इंजिन बंद पडलं. वारा खडकाच्या दिशेने. दादाकडे हातातला छोटा सेट होता, बॅटरी संपत आलेली. त्याने हाक मारली. कंट्रोलवर आपला भाऊच बसलाय हे त्याला माहीत होतं, कारण तोरसकरचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता.

"माझं एका मोठ्या जहाजाबरोबर चाललं होतं," तोरसकर म्हणाला. "कप्तान सारखे प्रश्न विचारत होता. दादा शहाणा, मॅडम. मी बोलत असताना तो मध्ये बोलायचा नाही. माझं संपायची वाट बघायचा आणि मग बटण दाबायचा. आणि माझं संपलं की तो कप्तानपण दाबायचा. दर वेळी दोघं एकदम. जहाज जवळ, सेट तगडा. दादा लांब, डबडा सेट. एफएमने जहाज घेतलं, दादाला टाकून दिलं." तो थांबला, अंगठा मुठीवर दाबलेलाच. "एवढी स्वच्छ लाइन होती त्या दिवशी. एक खरखर नाही. तो तिकडे गजा, गजा करतोय आणि मी इकडे येस कॅप्टन, गो अहेड कॅप्टन."

माणसं वाचली. दुसऱ्या एका बोटीने बघितलं आणि त्यांना उचललं. आईच्या नावाची बोट खडकावर फुटली. गावात गेल्यावर दादाने चारचौघांत सांगितलं, मी हाक मारली, गजाने आयकली आणि जहाजवाल्या सायबाशी बोलत ऱ्हवलो. आदल्या गणपतीत दोघांचं घराच्या कौलांवरून वाजलं होतं. कौलं काढून स्लॅब टाकूया, असं तोरसकर म्हणाला होता आणि दादा चिडला होता. त्याचाच राग गजाने धरला, असं दादाने मनात पक्कं केलं.

"समजावून नाही सांगितलं?"

"वहिनीकरवी सांगितलं. मामाने सांगितलं. तो एकच म्हणतो, रेडिओ काय तोंड बघून आवाज देता?" तोरसकर एकदम वळला. "आणि मॅडम, तुमच्यासारखं एएम असतं ना, तर शिट्टी वाजली असती. बारीक का होईना. मी म्हटलं असतं, थांबा कॅप्टन, अजून कोणतरी आहे."

कोकणात गणपतीच्या दिवसांत घरातला मोठा माणूस देवासमोर गाऱ्हाणं घालतो. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, मुंबईला असलेल्यांचंसुद्धा, आणि देवाला सांगायचं, याला सांभाळ रे म्हाराजा. बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." दादा सगळ्यांची नावं घ्यायचा. सुनांची, नातवंडांची, गोठ्यातल्या म्हशीचीसुद्धा. गजाचं घ्यायचा नाही. आणि हा गजा दर वर्षी रजा काढून जायचा, मागच्या रांगेत उभा राहायचा आणि म्हशीसाठीसुद्धा सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचा.

"दर वर्षी कशाला जाता मग?" मी विचारलं. मला त्याच्या दादाचा संताप आला होता, आणि याचाही.

"यंदा नाव येतं काय, ते ऐकायला," तो म्हणाला, आणि अंगठा वर केला.

पापलेट राहूनच गेलं. घरी येऊन मी रिकामी पिशवी खुंटीला लावली आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा त्याच्यावर उगाचच डाफरले.

त्याच वर्षी, पावसाळ्याआधी, मासेमारी बोटींच्या तांडेलांसाठी आमच्याकडे एक दिवसाचा रेडिओचा वर्ग ठरला. बोटमालकांनी माणसं पाठवायची आणि तोरसकरने शिकवायचं. त्या दिवशी सकाळी मी माझा तास सुरू करणार तोच तो आत आला. चेहरा पांढरा पडलेला.

"मॅडम, दादा आलाय. खाली उभा आहे."

"मग चांगलंच झालं."

"मला समोर बघितलं तर उठून जाईल तो. आल्या पावली. तुम्ही घ्या वर्ग."

"मी? एफएमवर? तांडेलांना?"

"तुम्हाला सगळं येतं. ते दोघांनी एकदम बोलायचं तेवढं दाखवा. बारीक आवाजाचा सेट मी घेतो, खाली आवारात जातो. मोठा सेट कॅप्टनच्या केबिनमध्ये आहे. त्यांना सांगा बोलायला. दादा ऐकू दे. एकदा फक्त त्याच्या कानाने ऐकू दे, मॅडम." बोलता बोलता त्याने माझ्या टेबलावरून स्वतःचा कालचा कप उचलला, परत ठेवला, परत उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि हो म्हटलं.

जन्मात मी एफएमची बाजू घेऊन बोलले नव्हते. समोर उन्हाने रापलेले, हाताची घडी घालून बसलेले तांडेल, आणि पहिल्याच बाकावर निळी टोपी मांडीवर ठेवून दादा. बटण कसं दाबायचं हे मी त्यांना सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचं अर्धं आयुष्य सेटवर गेलेलं. मग मी म्हटलं, "आता एक प्रयोग करू. दोन माणसं एकदम बोलतील. दोघं जण काय बोलतात, ते तुम्ही मला सांगायचं."

टेबलावरचा सेट मी दादासमोर ठेवला. आम्हाला शिकवण्यासाठी मिळालेला चॅनेल लावला. शेजारच्या केबिनमध्ये कॅप्टन तयारच होते. बोलत राहा, असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी हात वर केला की थांबायचं, असं ठरलं होतं. दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे त्यांना मी दिसावी.

कॅप्टन सुरू झाले. सेटमधून त्यांचा आवाज खणखणीत यायला लागला. कुठल्याशा सामुद्रधुनीतलं धुकं, त्यांनी घेतलेला निर्णय, कंपनीने केलेलं कौतुक.

"दुसरो खंय आसा?" मागून एकाने विचारलं.

"खिडकीतून बघा," मी म्हटलं.

सगळे उठले. दादाही उठला. एसीसाठी काचा बंद होत्या. खाली आवारात, फाटकाजवळच्या बदामाखाली तोरसकर उभा होता. सेट तोंडाशी, बटण दाबलेलं, मान वर करून तो बोलत होता. बोलत कसला, ओरडत होता. गळ्याच्या शिरा तिसऱ्या मजल्यावरून दिसत होत्या. आणि सेटमधून येत होतं ते फक्त धुकं आणि कंपनीचं कौतुक. खरखर नाही, अडथळा नाही. इतका स्वच्छ आवाज.

दादाने सेट उचलून कानाशी धरला. आवाज वाढवला. कॅप्टन मोठे झाले, एवढंच. तो एकदा सेटकडे बघे, एकदा खाली. "तो बोलता हा?" त्याने मला विचारलं. "खरोच बोलता हा?"

"बोलतोय," मी म्हटलं आणि दाराकडे वळून हात वर केला.

कॅप्टन थांबले नाहीत. त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली होती आणि ते समुद्राकडे बघत बोलत होते. मी हात हलवला. मी हाक मारली. खाली तोरसकर ओरडून ओरडून वाकला होता. शेवटी मी धावत केबिनमध्ये गेले आणि वय, हुद्दा सगळं विसरून त्यांच्या हातातल्या माइकवर झडप घातली.

"अंगठा काढा!" मी किंचाळले.

कॅप्टननी दचकून बटण सोडलं. आणि त्यांच्या सेटमधून, पलीकडच्या वर्गातल्या सेटमधून, एकदमच, घोगरा झालेला आवाज आला.

"गजा, मी दादा बोलतंय. इंजिन बंद पडलां हा. गजा, आयकतंस मां रे? मी दादा बोलतंय."

त्याला मी साधा सरावाचा संदेश वाचायला सांगितला होता. तो दादाची हाक म्हणत होता, दादाने गावात चारचौघांना सांगितली होती तीच, शब्द न् शब्द. एवढी वर्षं त्याने ती पाठ करून ठेवली होती.

मी वर्गात परत आले तेव्हा सगळे तांडेल दादाकडे बघत होते. त्यातले निम्मे त्याच किनाऱ्यावरचे, त्यांना सगळं माहीत असणार. दादा खिडकीला लागून उभा होता. खाली तोरसकरने सेट खाली घेतला होता आणि तो वर बघत होता, एक पाय फाटकाकडे वळवून. दादा उठून चालता झाला तर आपण आधीच निघून जावं, अशा तयारीत.

मध्येच कँटीनचा पोऱ्या चहा ठेवून गेला होता. दादाने टेबलावरच्या कपांकडे पाहिलं. मग सेट उचलला, तोंडापासून योग्य अंतरावर धरला आणि बटण दाबलं.

"गजा," तो म्हणाला. "वर ये. च्या थंड होता हा."

थोडा थांबला, बटण दाबूनच.

"आणि औंदा गाऱ्हाण्यात तुझां नाव घेतंय. व्हय म्हाराजा म्हण. माका आयकाक येऊंदे."

आणि त्याने अंगठा काढला.

त्यानंतर तोरसकर आमच्याकडे फार दिवस राहिला नाही. त्या गणपतीला गेला आणि तिथूनच फोन करून कॅप्टनना सांगितलं की परत येत नाही, दादाबरोबर बोटीवर जातोय. मला शेवटचा म्हणून आठवतो तो मात्र फाटकाजवळच्या बदामाखालचाच.

दादाचं बोलणं संपल्यावर त्याने सेट तोंडाशी नेला आणि बटण दाबलं. आमच्या सेटमधून नुसता श्वास आला. मग रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न, एक कावळा, परत श्वास. शब्द काही येईना. "बोल रे," दादा म्हणाला, पण सेटवर नाही, नुसताच काचेला तोंड लावून, कारण सेटवर बोलून त्याला ऐकू जाणार नव्हतं. पोरांवर ओरडण्यात ज्याची वर्षं गेली, तो माणूस चॅनेल अडवून उभा होता, आणि अंगठा काढ, असं त्याला सांगायची काही सोय नव्हती. आम्ही सगळे खिडकीशी थांबून राहिलो.